रीडिंग

दांडिया बाजारच्या आमच्या जिन्याला बेचाळीस पायऱ्या.
एकोणिसाव्या पायरीनंतर वळण, तिथे मीटरांचा फळा.
हे तिथे थांबतात, चष्मा कपाळावर सरकवून
एकेक मीटर वाचतात.
"पंड्यांना या महिन्यात दणका बसणार."
बत्तीस वर्षं मीटर रीडर होते, हात जातोच तिकडे,
असं मी दिवाळीपासून स्वतःला सांगत होते.

सोमवारी रिपोर्ट आला. गुरुवारी पहिली केमो.
मधल्या बुधवारी शीतल मॅकवान आली,
खांद्याला झोळी, हातात चार पानी फॉर्म.
"आधी पाणी द्या, बेन. तुमचा दादर भारी आहे."

दिरांनी करेलीबागेतून फोनवर ऐकवलंच होतं:
ती माणसं शेवटी येतात, वहिनी.
आत्तापासून कशाला बोलावता?
मी दार अर्धंच उघडलं.
आतून हे म्हणाले, "येऊ दे तिला.
फ्यूज उडाल्यावर रीडिंग घेतात होय कुणी?"

दुखणं किती, शून्य ते दहा?
"दोन."
उशीला पाठ टेकून बसलेला माणूस
दूधवाला येईस्तोवर काय काय मोजतो
ते मला ठाऊक. मी गप्प.
दम लागतो? "थोडासा."
झोप? "लागते की."
भूक? "हिच्या हातचं कोण सोडतो?"
तिने सगळं निमूट लिहून घेतलं,
मग पेनाला टोपण लावलं.

"काका, मीटरांच्या फळ्याखाली भिंतीवर
पंजाएवढा तेलकट डाग आहे.
तिथे कोण टेकतं?"

पंखा फिरत होता.
हे त्याच्याकडे पाहत राहिले,
जणू तोच उत्तर देईल.
मग म्हणाले, "सहा."
आणि बऱ्याच वेळाने,
"रात्री सात.
न्हाणीघराची कडी लावायची भीती वाटते."

छत्तीस वर्षं एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडलं,
हा आकडा मी शीतलबरोबर ऐकला.

बिडी ओढायचात का, हे आजवर सगळ्यांनी विचारलं,
लॅबमधल्या पोराने, दिरांनी,
कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानेसुद्धा.
हिने विचारलं, सकाळी उठून काय करावंसं वाटतं?
"सूरसागरला एक फेरी. आता एवढंच."
तिने टोपण काढलं आणि लिहिलं.
मी वाकून पाहिलं:
वेदनेच्या गोळीखाली, त्याच अक्षरात,
सूरसागर.

कडी काढून टाका, पडदा पुरेल.
आत एक स्टूल.
छोटा पंखा तोंडासमोर, तो दम जरा उतरवतो.
रात्रीची गोळी दुखायच्या आधी, दुखल्यावर नाही.
आणि वळणावर एक खुर्ची ठेवा.
"शेजारी काय म्हणतील?" हे म्हणाले.
"बसतील तेही," ती म्हणाली.

निघताना मी दारात गाठलं तिला.
खरं सांग, इतकं झालंय का, की तू आलीस?
"इतकं झालेलं नाही म्हणून आले, बेन.
औषध त्यांच्या गाठीवर चालेल,
मी त्यांच्याबरोबर चालेन. पुढच्या बुधवारी परत."
मग फॉर्म उलटा करून भिंतीला टेकवला,
कोऱ्या बाजूवर पेन ठेवलं.
"आणि तुमचं? शून्य ते दहा."
माझं काय, मी तर धडधाकट.
ती थांबून राहिली.
मी नाव सांगितलं, शालन घाटगे,
आकडा मात्र तोंडाशी येऊन परत गेला.
तिने नावापुढे जागा सोडली.

गुरुवारी अंधार पडता पडता परतलो.
एकोणीस पायऱ्या, मग खुर्ची.
हे बसले. पहिल्यांदाच,
काही वाचायचं नसल्यासारखे बसले.
मी खालच्या पायरीवर टेकले,
पिशवीत रिपोर्ट, मोसंबी, वांतीची गोळी.
आता मीटरात चकती नसते,
लाल दिवा लुकलुकतो.
त्याच्याकडे बघत मी मनात म्हटलं, आठ.
कदाचित साडेआठ.

"शालन," वरून आवाज आला,
दम खात, पण मजेत,
"पंड्यांचं खरंच पळतंय गं."